उभ्या मोटारीत मुरणारी उष्णता

टर्बोचार्जर बसविलेल्या मोटारगाडीचे एंजिन चालू ठेवून ती बराच वेळ एका जागी उभी ठेवली, तर पुन्हा निघताना तिचा जोर काहीसा उणावलेला आढळतो. रेल्वेच्या फाटकापाशी, टोलनाक्यावरील रांगेत किंवा शहरातील एखाद्या मोठ्या चौकात उन्हाळ्याच्या दुपारी दहा-पंधरा मिनिटे खोळंबलेल्या गाडीच्या बाबतीत हा अनुभव विशेषेकरून येतो. एंजिनात कोठे बिघाड झालेला नसतो. इंधन तेच असते, चालकही तोच असतो. तथापि ॲक्सिलरेटर नेहमीइतकाच दाबूनही गाडी नेहमीच्या चपळाईने वेग घेत नाही. मोकळ्या रस्त्यावर काही वेळ धावल्यावर मात्र तिचा पूर्वीचा जोर आपोआप परत येतो.

आपोआप उद्भवणारा व आपोआप नाहीसा होणारा हा दोष पुष्कळांना बुचकळ्यात टाकतो. गाडी कारागिराकडे न्यावी, तर तोवर दोष दिसेनासा होतो. आणि खरे कारण न कळल्यामुळे पुष्कळदा चांगले भाग विनाकारण बदलले जातात. ह्याहून गंभीर गोष्ट अशी की, दुपदरी रस्त्यावर पुढील मालमोटारीस ओलांडून जाण्याचा निर्णय चालक आपल्या गाडीच्या नेहमीच्या जोराच्या भरवशावर घेत असतो. तो जोर ऐन वेळी दहाव्या हिश्शाने जरी कमी पडला, तरी अंतराचा व वेळेचा अंदाज चुकतो. म्हणून ह्या घटनेमागील कार्यकारणभाव केवळ कारागिरांनाच नव्हे, तर गाडी चालविणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असणे इष्ट आहे. हे कारण इंटरकूलर नावाच्या एका साध्या, न हलणाऱ्या भागात दडलेले आहे. इंग्रजी बोलणारे कारागीर त्याला ‘हीट सोक’ म्हणतात. मराठीत त्यास ‘उष्णता मुरणे’ असे यथार्थपणे म्हणता येईल.

हवा आणि शक्ती

एंजिनाची शक्ती त्याला मिळणाऱ्या इंधनावर अवलंबून असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी आहे, पण अपुरी आहे. एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा लागते. इंधन हवे तितके सोडता येते. परंतु ते जाळण्यापुरती हवा सिलिंडरमध्ये नसेल, तर त्याचा उपयोग होत नाही. तेव्हा एंजिन किती शक्ती देईल हे अखेर त्याच्या सिलिंडरमध्ये किती हवा मावते ह्यावर ठरते.

येथे ‘किती हवा’ ह्याचा अर्थ किती लिटर हवा असा नसून किती वजनाची हवा असा आहे. सिलिंडरचे आकारमान ठरलेले असते. त्यात दाट हवा शिरली तर तिचे वजन अधिक भरते आणि विरळ हवा शिरली तर कमी भरते. हवेची घनता दोन गोष्टींनी बदलते. दाब वाढला की ती वाढते आणि तपमान वाढले की ती घटते. मात्र हे तपमान निरपेक्ष मापाने, म्हणजे सेल्सियस अंशांत २७३ मिळवून मोजावे लागते. ३० अंश सेल्सियस तपमानाची हवा त्याच दाबाखाली ६० अंशांपर्यंत तापली, तर निरपेक्ष तपमान ३०३ वरून ३३३ वर जाते आणि तिची घनता सुमारे ९ टक्क्यांनी उतरते. एंजिनाच्या दृष्टीने ९ टक्के हवा गेली, म्हणजे जवळजवळ तितकीच शक्ती गेली.

टर्बोचार्जर

आकारमान न वाढविता सिलिंडरमध्ये अधिक हवा भरावयाची, तर ती बाहेरून दाबून भरली पाहिजे. जळालेले वायू एंजिनातून बाहेर पडताना त्यांच्या अंगी बरीच उष्णता व गती शिल्लक असते आणि ती सारी वाया जाते. ह्या वाया जाणाऱ्या शक्तीवर टर्बाइनचे चाक फिरवावे आणि त्याच दांड्यावर बसविलेल्या दुसऱ्या चाकाने ताजी हवा दाबावी, ही कल्पना स्वित्झर्लंडमधील अभियंता आल्फ्रेड ब्यूखी ह्याची होय. तिचे पेटंट त्याने १९०५ मध्ये घेतले. प्रथम जहाजांच्या डीझेल एंजिनांत व पुढे उंचावरून उडणाऱ्या विमानांत ह्या साधनाचा प्रसार झाला. सर्वसाधारण विक्रीच्या मोटारगाड्यांत ते १९६२ मध्ये अमेरिकेत आले. त्या वर्षी शेव्हरोले कंपनीची कॉर्वेअर मोन्झा स्पायडर आणि ओल्ड्समोबिल कंपनीची जेटफायर अशा दोन गाड्या टर्बोचार्जरसह बाजारात आल्या. आज टर्बोचार्जर ही केवळ शर्यतीच्या गाड्यांची मिरास राहिलेली नाही. भारतातील बहुतेक डीझेल मोटारींत तो असतो आणि २०१७ मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉनसारख्या लहान पेट्रोल गाड्यांतही तो सर्रास आढळतो. लहान एंजिनाकडून मोठ्या एंजिनाचे काम करून घ्यावयाचे, तर हा मार्ग सोयीचा ठरतो.

परंतु हवा दाबली की ती तापते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक हाताला ऊन लागते, हे शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. टर्बोचार्जरचे चाक मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते. अशा घाईने दाबल्या जाणाऱ्या हवेला आपली उष्णता बाहेर टाकण्यास अवसरच मिळत नाही. शिवाय चाकाच्या पात्यांतून हवा घुसळून निघते, त्यामुळे तपमानात आणखी भर पडते. समजा, बाहेरची हवा ३० अंशांची आहे आणि टर्बोचार्जर तिचा दाब वातावरणाच्या १.८ पट करतो. चाकाची कार्यक्षमता ७० टक्के धरून हिशेब केला, तर बाहेर पडणाऱ्या हवेचे तपमान सुमारे १०९ अंश येते.

ह्याचा परिणाम असा होतो की, दाब १.८ पट झाला तरी घनता १.८ पट होत नाही. ती केवळ १.४३ पट होते. म्हणजे दाबामुळे जे ८० टक्के मिळावयाचे, त्यांपैकी जवळजवळ निम्मे उष्णता परत हिरावून घेते.

इंटरकूलरचे कार्य

हे हिरावलेले धन परत मिळविण्यासाठी टर्बोचार्जर आणि एंजिन ह्यांच्या दरम्यान इंटरकूलर बसवितात. दिसावयास तो रेडिएटरसारखा असतो. ॲल्युमिनियमच्या चपट्या नळ्या एकीवर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये पातळ पत्र्याच्या चुण्या जोडलेल्या असतात. नळ्यांच्या आतून दाबलेली तप्त हवा जाते, तर बाहेरून चुण्यांमधून गाडीच्या वेगामुळे येणारा वारा वाहतो. कपातला चहा बशीत ओतला की लवकर निवतो, कारण त्याचा पृष्ठभाग वाढतो. इंटरकूलरच्या चुण्याही पृष्ठभाग वाढविण्यासाठीच असतात.

वरील उदाहरणात चांगल्या इंटरकूलरने तपमानातील वाढीपैकी ७० टक्के वाढ काढून टाकली, असे मानू. मग एंजिनात शिरणाऱ्या हवेचे तपमान १०९ वरून सुमारे ५४ अंशांवर येते आणि घनता १.४३ पटीवरून १.६७ पटीवर चढते. नळ्यांतून जाताना दाबात जी थोडी घट होते, ती येथे सोपेपणासाठी सोडून दिली आहे. पोर्श कंपनीच्या ९११ टर्बो ह्या गाडीचा इतिहास ह्या दृष्टीने बोधप्रद आहे. १९७४ मध्ये प्रथम दाखविलेल्या तिच्या ३ लिटर एंजिनाला इंटरकूलर नव्हता. त्याची शक्ती २६० अश्वशक्ती होती. १९७७ मध्ये आलेल्या ३.३ लिटर एंजिनाला मागील पंखाखाली इंटरकूलर बसविण्यात आला आणि शक्ती ३०० अश्वशक्ती झाली. ह्या वाढीचे श्रेय आकारमान व इंटरकूलर ह्या दोहोंकडे जाते.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. इंटरकूलर स्वतः गारवा निर्माण करीत नाही. बर्फ करणाऱ्या यंत्राप्रमाणे त्याच्यात उष्णता उपसून काढण्याची कोणतीही योजना नसते. तो केवळ उष्णतेची वाट मोकळी करून देतो. आणि त्या वाटेने उष्णता अधिक तपमानाकडून कमी तपमानाकडे जाते. ती कोठून कोठे जावी हे इंटरकूलर ठरवीत नाही, तपमानांतील फरक ठरवितो. बाहेर गार वारा वाहत आहे तोवर उष्णता आतून बाहेर जाते. बाहेरचा वाराच तापला, किंवा थांबला, तर त्याच वाटेने उष्णता बाहेरून आत येऊ लागते.

गाडी उभी राहिली की

गाडी उभी राहिली म्हणजे नेमके हेच घडते. समोरून येणारा वारा बंद पडतो. एंजिनातील पाणी ९० अंशांच्या आसपास असते. जळालेले वायू वाहून नेणारी नळी आणि टर्बाइनचे कवच ही त्याहून कितीतरी अधिक तापलेली असतात. पेट्रोल एंजिन पूर्ण जोराने चालले असता त्या वायूंचे तपमान ९०० अंशांपर्यंत पोचू शकते. विस्तव बाजूला काढला तरी तवा काही वेळ तापलेला राहतो, त्याप्रमाणे हे जाड लोखंडी भाग एंजिन मंद झाल्यावरही पुष्कळ वेळ उष्णता टाकीत राहतात. रेडिएटरचा पंखा फिरतो, पण तो रेडिएटरमधून तापून निघालेली हवा मागे एंजिनावरच लोटतो. वातानुकूलन चालू असेल, तर त्याचीही उष्णता तीत मिसळते. बॉनेटखालची हवा अशा रीतीने ७०-८० अंश किंवा त्याहूनही अधिक तापू शकते.

ह्या तप्त हवेत इंटरकूलर न्हाऊन निघतो. वहन, संवहन आणि प्रारण ह्या तिन्ही मार्गांनी उष्णता त्याच्यापर्यंत पोचते. जोडलेल्या नळ्यांतून ती वहनाने येते, तप्त हवेच्या प्रवाहातून संवहनाने येते आणि टर्बाइनच्या कवचाकडून प्रारणाने येते. ज्या चुण्या उष्णता चटकन टाकण्यासाठी केलेल्या असतात, त्याच चुण्या ती तितक्याच चटकन शोषून घेतात.

ह्या वेळी टर्बोचार्जर जवळजवळ काहीच काम करीत नसतो, हे विशेष होय. मंद फिरणाऱ्या दोन लिटर एंजिनाला सेकंदाला जेमतेम चार-पाच ग्रॅम हवा लागते आणि ती दाबली जात नाही. म्हणजे इंटरकूलरला निववावयाचे असे आत काहीच नसते. उलट आतून रेंगाळत जाणारी ती थोडीशी हवाच तापलेल्या नळ्यांतून उष्णता घेऊन एंजिनात शिरते. ज्याचे नाव शीतक, तो हवा तापविणारी शेगडी होऊन बसतो. लोणच्याच्या फोडीत मसाला मुरावा, तशी उष्णता धातूच्या कणाकणांत मुरते.

उष्णतेचा हिशेब

किती उष्णता मुरते, ह्याचा साधा हिशेब करता येतो. इंटरकूलरच्या जाळीचे वजन ३ किलोग्रॅम धरू. ॲल्युमिनियमची विशिष्ट उष्णता किलोग्रॅमला सुमारे ०.९ किलोज्यूल आहे. म्हणजे ती जाळी एका अंशाने तापण्यास २.७ किलोज्यूल उष्णता लागते. चालत्या गाडीत ४० अंश तपमानाची असलेली ही जाळी उभ्या गाडीत ७५ अंशांपर्यंत तापली, तर तिच्यात सुमारे ९५ किलोज्यूल उष्णता साठते. एक लिटर पाणी २३ अंशांनी तापविण्यास इतकी उष्णता पुरते.

आता फाटक उघडते आणि चालक ॲक्सिलरेटर पूर्ण दाबतो. टर्बोचार्जर १०९ अंशांची हवा पुढे ढकलतो. समोर ७५ अंशांची जाळी असते. ती ह्या हवेला थोडेबहुत निववू शकते, पण नेहमीसारखे नव्हे. हवा ५४ अंशांऐवजी ८५ अंशांच्या सुमारास एंजिनात शिरते. घनता १.६७ पटीवरून १.५२ पटीवर घसरते. ही घट सुमारे ९ टक्क्यांची झाली. १५० अश्वशक्तीच्या एंजिनातून १३ अश्वशक्ती नाहीशी झाल्यासारखेच हे आहे. बाहेरची हवा ३० ऐवजी ४५ अंशांची असेल, तर गाडीचा जोर मुळातच कमी असतो आणि ही घट त्याच्यातून पुन्हा वजा होते. उत्तर भारतात व विदर्भात वैशाखाच्या दुपारी असे तपमान वारंवार असते.

ठोके आणि ठिणगी

पेट्रोल एंजिनाच्या बाबतीत गोष्ट येथेच संपत नाही. सिलिंडरमध्ये दट्ट्या वर येतो तेव्हा तो हवा व पेट्रोल ह्यांचे मिश्रण पुन्हा दाबतो आणि ते आणखी तापते. दट्ट्या मिश्रणाचे आकारमान नवव्या हिश्शावर आणतो असे धरले, तर निरपेक्ष तपमान सुमारे दुप्पट होते. त्यामुळे आत शिरताना हवेच्या तपमानात असलेला ३१ अंशांचा फरक ठिणगी पडण्याच्या क्षणी जवळजवळ ६४ अंशांचा झालेला असतो. ४०० अंशांच्या आसपास असावयाचे मिश्रण ४६५ अंशांवर गेलेले असते.

इतके तापलेले मिश्रण ठिणगीपासून पसरत येणाऱ्या ज्योतीची वाट पाहत नाही. त्याचा उरलेला भाग एकाएकी आपणहून भडकतो आणि दाबाची तीक्ष्ण लाट सिलिंडरच्या भिंतींवर आदळते. बाहेरून धातूवर हातोडी मारल्यासारखा आवाज येतो. ह्यालाच एंजिनात ठोके पडणे किंवा नॉकिंग म्हणतात. ते फार वेळ चालले, तर दट्ट्याचा माथा खरवडून निघतो आणि प्रसंगी त्याला भोकही पडते.

आधुनिक गाडीतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रक हे टाळण्यासाठी दक्ष असतो. हवेच्या वाटेवर बसविलेला संवेदक त्याला तपमान कळवितो आणि सिलिंडरवर बसविलेला दुसरा संवेदक ठोक्यांची कंपने ओळखतो. हवा तापलेली आढळताच नियंत्रक ठिणगी थोडी उशिरा पाडतो आणि जरूर तर टर्बोचार्जरचा दाबही उतरवितो. एंजिन वाचते, पण ठिणगी उशिरा पडल्यामुळे दट्ट्यावर पडणारा रेटा कमी होतो. घनतेतील घटीमुळे गेलेल्या शक्तीत अशी आणखी भर पडते. येथे एक बारकावा आहे. तपमानाचा संवेदक स्वतःही एंजिनाच्या तापलेल्या भागावर बसविलेला असू शकतो. मग तोही तापतो आणि हवा आहे त्याहून अधिक तापल्याचे कळवितो. परिणामी हवा निवू लागली तरी नियंत्रक काही काळ हात आखडताच ठेवतो.

डीझेल एंजिनात मुळात ठिणगी नसते. हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. तेव्हा वरील प्रकारचे ठोके तेथे पडत नाहीत. परंतु हवा विरळ झाली की इंधन पुरते जळत नाही व धूर वाढतो. तो वाढू नये म्हणून नियंत्रक इंधन कमी करतो. जोर येथेही घटतो, मात्र पेट्रोल एंजिनाइतका नव्हे.

जागेचा प्रश्न

इंटरकूलर कोठे बसवावा, ह्यावर हा दोष किती जाणवेल हे पुष्कळसे अवलंबून असते. ह्याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जपानमधील सुबारू कंपनीची १९९२ मध्ये आलेली इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स ही गाडी होय. तिचे चार सिलिंडर दोन-दोन करून आडवे निजलेले असल्यामुळे एंजिन बसके असते आणि त्याच्या माथ्यावर जागा मोकळी राहते. कंपनीने त्याच जागी इंटरकूलर ठेवला आणि वाऱ्यासाठी बॉनेटवर एक मोठे तोंड ठेवले. टर्बोचार्जर जवळच असल्याने जोडनळ्या आखूड झाल्या. त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबताच दाब लवकर चढतो. गाडी धावत असताना ही रचना उत्तम काम देते. मात्र ती उभी राहिली की खालच्या एंजिनाची तप्त हवा आपल्या स्वभावधर्माप्रमाणे वर चढते आणि सरळ इंटरकूलरमधून बॉनेटच्या तोंडावाटे बाहेर पडते. गार वारा येण्याचा जो मार्ग, तोच तप्त हवा जाण्याचा मार्ग होतो. भारतात २००९ मध्ये आलेल्या टोयोटा फॉर्च्युनर ह्या गाडीच्या ३ लिटर डीझेल एंजिनावरही इंटरकूलर असाच माथ्यावर होता आणि बॉनेटवर तसेच तोंड होते.

ह्याच्या उलट मित्सुबिशी कंपनीच्या लान्सर इव्होल्यूशन ह्या गाडीत इंटरकूलर अगदी समोर, रेडिएटरच्याही पुढे ठेवलेला असे. तेथे एंजिनाची उष्णता सहजासहजी पोचत नाही आणि गाडी उभी असतानाही पंख्याच्या ओढीने थोडी बाहेरची हवा जाळीतून येत राहते. परंतु नळ्या लांब होतात, त्यांच्यात हवा भरून दाब चढण्यास अधिक वेळ लागतो, आणि जाळी समोर आडवी आल्याने रेडिएटरला मिळणारा वारा कमी होतो. अशा प्रकारे प्रत्येक जागेचे काही लाभ असतात आणि प्रत्येक जागेची काही किंमत द्यावी लागते.

उपाय

सर्वांत जुना उपाय पाण्याचा आहे. १९६२ च्या जेटफायर गाडीला इंटरकूलर नव्हताच. पाणी व मेथॅनॉल ह्यांचे मिश्रण हवेच्या प्रवाहात फवारून ती हवा निववीत असे. हा द्रव संपला की टर्बोचार्जरचा दाब आपोआप उतरविण्याची तीत सोय होती. पुढे सुबारूच्या शर्यतीच्या घाटणीच्या काही गाड्यांत इंटरकूलरच्या बाहेरील अंगावर पाणी फवारण्याची योजना करण्यात आली. माठातले पाणी ज्या तत्त्वाने गार होते, तेच तत्त्व येथे लागू पडते. पाण्याची वाफ होताना प्रत्येक ग्रॅमला सुमारे २.३ किलोज्यूल उष्णता लागते आणि ती जाळीतून घेतली जाते. वरील हिशेबातील ९५ किलोज्यूल उष्णता काढून टाकण्यास, सारे पाणी वाफ होऊन गेले तर, केवळ ४० ग्रॅमच्या आसपास पाणी पुरेल. प्रत्यक्षात बरेच पाणी ओघळून जाते, म्हणून ते अधिक लागते. कोकणातील दमट हवेत माठ फारसा गार होत नाही. पण ७५ अंशांच्या जाळीवर पडलेले पाणी दमट हवेतही भराभर वाळते, म्हणून हा उपाय सर्वत्र चालतो.

दुसरा उपाय म्हणजे वाऱ्याऐवजी पाण्याने निववणारा इंटरकूलर. त्यात हवेची उष्णता प्रथम पाण्यात जाते आणि ते पाणी समोरच्या लहान रेडिएटरमध्ये निवते. फोक्सवॅगन कंपनीच्या १.४ लिटर टीएसआय एंजिनात तर असा इंटरकूलर एंजिनाला हवा वाटून देणाऱ्या नळीच्या पोटातच बसविलेला आहे. वजनाच्या मानाने पाणी ॲल्युमिनियमच्या साडेचार पटींहून अधिक उष्णता धारण करते. पाच लिटर पाणी एका अंशाने तापण्यास सुमारे २१ किलोज्यूल लागतात. साहजिकच चौकातील दोन मिनिटांच्या थांब्याने ते फारसे तापत नाही आणि विजेचा पंप गाडी उभी असतानाही ते खेळते ठेवू शकतो. परंतु जे उशिरा तापते, ते उशिराच निवते. लांबलचक खोळंब्यात हे पाणी एकदा तापले, म्हणजे पूर्ववत होण्यास अधिक वेळ घेते.

केवळ मोठा इंटरकूलर बसविण्यानेही हाच परिणाम होतो. त्याची जाळी सावकाश तापते आणि सावकाश निवते. ह्यांखेरीज टर्बाइनच्या कवचाभोवती उष्णतारोधक पत्रा लावणे, नळ्यांना रोधक वेष्टन घालणे आणि वारा जाळीच्या बाजूने निसटू नये म्हणून तोंडाभोवती रबरी पट्टी नीट बसविणे हे साधे, स्वस्त व गुणकारी उपाय होत. ही पट्टी फाटलेली असली, किंवा जाळीच्या चुण्या चिखलाने व किड्यांनी बुजलेल्या असल्या, तर उत्तम इंटरकूलरही कामी येत नाही.

चालकाने काय ध्यानात ठेवावे

मुरलेली उष्णता घालविण्याचे सर्वांत खात्रीचे साधन म्हणजे चालत्या गाडीचा वारा होय. मध्यम वेगाने धावणाऱ्या गाडीत जाळीतून वाहणारा वारा सेकंदाला पाच-सहा किलोज्यूल उष्णता वाहून नेऊ शकतो. ह्या हिशेबाने जाळी अर्ध्या मिनिटाच्या आत निवावी. पण नळ्या, संवेदक आणि एंजिनाचे इतर भागही तापलेले असल्यामुळे प्रत्यक्षात एक-दोन मिनिटे लागतात. तेव्हा दीर्घ खोळंब्यानंतर निघताना पहिली दोन मिनिटे गाडी बेताने चालवावी आणि एखाद्या वाहनास ओलांडण्याची घाई तेवढ्या वेळात करू नये.

एंजिन बंद केले म्हणजे हा प्रश्न सुटतो, अशी समजूत करून घेऊ नये. बराच वेळ थांबावयाचे असेल तर ते बंद करणे इंधनाच्या दृष्टीने योग्यच आहे. परंतु एंजिन बंद होताच पाण्याचा प्रवाह व बहुधा पंखाही थांबतो आणि तापलेल्या धातूतील उष्णता बॉनेटखाली साचू लागते. म्हणून चहापुरते पंधरा-वीस मिनिटे थांबून पुन्हा निघालेल्या गाडीतही हा दोष तितकाच, कधी अधिकही, जाणवतो. तासाभराने तो पुष्कळ कमी झालेला असतो.

घाट चढून आल्यावर किंवा वेगाने धावल्यावर टर्बोचार्जरच्या धारव्यांतील तेल जळू नये म्हणून एंजिन मिनिटभर मंद चालू ठेवावे, असे सांगितले जाते. तो सल्ला धारव्यांच्या दृष्टीने बरोबर आहे. इंटरकूलरच्या दृष्टीने मात्र तो प्रतिकूल ठरतो. दोहोंचे हित साधण्याचा मार्ग असा की, मुक्कामापूर्वीचे शेवटचे दोन-तीन किलोमीटर गाडी संथपणे चालवावी. त्यामुळे टर्बोचार्जर निवतो, वारा चालू असल्याने इंटरकूलरही गार राहतो आणि उभे राहून इंधन जाळण्याची पाळी येत नाही.

जोर कमी झाल्याची शंका आली, तर भाग बदलण्यापूर्वी दोष केव्हा येतो व केव्हा जातो ह्याची नोंद ठेवावी. थांबल्यानंतर येणारा आणि धावल्यानंतर जाणारा दोष बहुधा मुरलेल्या उष्णतेचा असतो. नियंत्रकाला जोडून वाचता येणारे हवेचे तपमान कारागिराने गाडी उभी असताना व धावताना पाहिले, तर ह्याचा पडताळा मिळतो. जो दोष धावूनही जात नाही, त्याचे कारण मात्र वेगळे असते. फुटलेली नळी, गळणारा जोड किंवा बुजलेला हवेचा गाळक अशा ठिकाणी ते शोधले पाहिजे.

तात्पर्य, इंटरकूलरच्या अंगी स्वतःचा गारवा नसतो. तो असतो वाऱ्याच्या अंगी. वारा वाहत असतो तोवर इंटरकूलर एंजिनाला साहाय्य करतो. वारा थांबला म्हणजे तो भोवतालच्या उष्णतेचा वाटेकरी होतो आणि गाडी पुन्हा निघाल्यावर ती उष्णता एंजिनाच्या हवेत मिसळून देतो. रेडिएटर, विजेच्या रोहित्रांचे पंखे लावलेले बाहू किंवा संगणकातील ॲल्युमिनियमच्या चुण्या ह्या साऱ्यांचे हेच आहे. उष्णता टाकण्यासाठी केलेली प्रत्येक वस्तू भोवती निवांत, तप्त हवा असल्यास उष्णता साठविते. हे एकदा उमगले, म्हणजे फाटकापाशी गाडीचा जोर का उणावला आणि चार मैलांवर तो परत का आला, ह्यात गूढ असे काही उरत नाही.